तिघींचं एकमत

सत्यशीला स्क्रीनवर शेत वाचायची. दुसरा शब्द मला सापडत नाही. आम्ही बाकीच्या नुसत्या बघायचो. आकाशातून काढलेलं चित्र, त्यात तपकिरी आणि हिरवे तुकडे, आणि ही बोट ठेवून सांगणार, "ही अद्रक. ही मका. अन् ह्यो पट्टा बघा ताई, हितं कापसाची पऱ्हाटी उपटलीय, पण ढीग अजून उचलला नाय." मला ढीग सोडाच, बांधसुद्धा दिसायचा नाही.

मी शहरात, औरंगपुऱ्यात वाढले. वीस वर्षं टायपिंगच्या दुकानात काढली, त्यामुळे कॉम्प्युटरची मला भीती नव्हती. शेताची होती. गहू कुठला आणि हरभरा कुठला हे मला वाण्याच्या दुकानात कळायचं, रानात नाही. पण चिकलठाण्यातल्या या कंपनीला माऊस चालवणारी बाई हवी होती आणि मला नोकरी हवी होती, तेव्हा शेतीचं कुणी विचारलं नाही.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं गोदाम. विमान उतरताना खिडक्या थरथरायच्या. पाच वर्षांपूर्वी या जागेवर ज्वारी होती, हे सत्यशीलानंच मला एका जुन्या चित्रात दाखवलं. आमचं टेबल बरोब्बर विहिरीवर येत होतं. विहीर बुजवून बांधलेल्या त्या इमारतीत प्यायचं पाणी टँकरनं यायचं, आणि तेही आलं तर.

काम सांगते. शेतीची अनुदानं खोटी कागदपत्रं लावून उचलणारे लोक शोधायचे. ज्यानं फळबागेचं अनुदान घेतलं, त्याच्या जमिनीच्या गटात बाग खरंच आहे का, हे उपग्रहाच्या चित्रावरून ठरवायचं. पुढे हे सगळं एआय करणार होतं, पण त्या मशीनला बाग म्हणजे काय आणि पडीक म्हणजे काय हे आधी कुणीतरी शिकवायला हवं. ते आम्ही शिकवायचो. चित्राचा एकेक चौकोन समोर यायचा आणि आम्ही त्यावर खूण करायचो.

चोर सापडायचे हे खरं. एका महाशयांनी तर जमिनीवर प्लॉट पाडून, रस्ते आखून, वर कमान उभारून झाल्यावरही तिथं डाळिंब दाखवलं होतं. कमानीची सावलीसुद्धा चित्रात दिसत होती. त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांसाठी भजी मागवली. सत्यशीला सगळ्यांत खूश होती. खोटं पकडलं जातंय याचा तिला मनापासून आनंद व्हायचा. तिचं वय तेव्हा सव्वीस.

आमचे साहेब सार्थक. पोरगेलेसे, पण नियमाचे पक्के. एकच चौकोन तिघींना स्वतंत्रपणे दाखवायचा. तिघींपैकी एकीनंही वेगळं लिहिलं, तर त्या शेतावर माणूस पाठवायचा आणि त्यानं डोळ्यांनी बघून यायचं. तिघींचं एकमत झालं, तर माणूस पाठवायचा नाही. भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लावलं होतं : दिसतं ते लिहा, माहीत आहे ते लिहू नका. ओळखीचं शेत निघालं तर साहेबांना सांगायचं आणि तो चौकोन सोडायचा, हाही नियम होता.

आता माझी करणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल चांगलं मत व्हायला नको. सत्यशीला माझ्या पुढच्या टेबलावर जरा तिरकी बसायची. मान थोडी वाकवली की तिची स्क्रीन मला दिसायची. पहिल्या महिन्यापासून मी माझं चित्र बघणं सोडलं. तिनं जी खूण केली तीच मी करायची. माझ्या शेजारची संस्कृती दिवसभर मोबाइलवर लग्नाचे घागरे बघायची आणि माझ्यावरून उतरवायची. आमच्या तिघींचं एकमत कायम सगळ्यांच्या वर. साहेबांनी एकदा कौतुक करून आम्हाला डब्यांचे सेट दिले. सत्यशीलाला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, आम्हीही तिच्यासारखंच वाचायला शिकलो.

तिचं गाव देवगाव रंगारी. माणसं मेंढरांमागे फिरणारी. वडील मुंजाबा पस्तीस वर्षांचे होईपर्यंत वर्षाचे आठ महिने वाटेवरच असायचे. सत्यशीलाचा जन्मही असाच वैजापूरकडे, कुणाच्यातरी रानात, मेंढरांच्या वाड्याशेजारी झालेला. मग मुंजाबांनी दोन एकर घेतलं आणि त्यात मोसंबीची अडीचशे झाडं लावली. त्यांच्या भावकीत कुणी झाड लावलं नव्हतं. फिरणाऱ्या माणसानं झाड लावणं म्हणजे आता इथून हलायचं नाही असं ठरवणं. झाडं लावली त्याच वर्षी सत्यशीलाचं नाव पहिलीत घातलं. घरातला मुलगा मेंढरांमागे गेला, मुलगी शाळेत. शाळेत तिला कुणी विचारलं की वडील काय करतात, तर ती म्हणायची, "आमची बाग हाय."

दोन हजार तेवीसचा पावसाळा कोरडाच गेला. औरंगपुऱ्यात आम्हाला आठ दिवसांनी नळ यायचा तो बारा दिवसांवर गेला, आणि आम्ही त्यालाच दुष्काळ म्हणत होतो. तिकडे मुंजाबांची विहीर फेब्रुवारीत खडखडीत झाली. बाग जगवायला सरकारचं अनुदान मिळालं होतं, त्यातून काही दिवस टँकर आले. मग टँकरवाल्यालाच पाणी मिळेना. तेव्हा त्यांनी पैठणकडच्या एका बागायतदाराकडून ऐकलेला उपाय केला. सगळ्या झाडांची खरड छाटणी केली. पान एक ठेवायचं नाही, बारीक फांदी ठेवायची नाही, नुसतं खोड आणि जाड फांद्यांची खुंटं. कापलेल्या जागी चुना आणि मोरचुदाचा लेप. पानंच नाहीत म्हटल्यावर झाडाला पाणी लागत नाही, ते गप्प उभं राहतं आणि जगतं.

वर मुंजाबांनी आपलं पिढीजात शहाणपण लावलं. झाडांच्या ओळींमध्ये मेंढरांचा वाडा बसवला. गोल जाळी लावायची, रात्री मेंढरं आत कोंडायची, तीन दिवसांनी जाळी पुढे सरकवायची. लेंड्या-मुताचं खत आपोआप पडतं आणि गवताची काडी उरत नाही. जवळ जाऊन खोडाला नख लावलं तर आतून हिरवं. वरून बघाल तर दोन एकर मातकट रान आणि त्यावर काळे गोल डाग.

एप्रिलमध्ये तो चौकोन आमच्याकडे आला.

एरवी ती दहा सेकंदांत खूण करायची. त्या दिवशी तिचा हात माऊसवर तसाच थांबला. मी वाट बघत होते, कारण ती खूण करेपर्यंत मला काम नव्हतं. पाच मिनिटं गेली, सात गेली. मग ती उठून पाणी प्यायला गेली. कूलर रिकामा होता. रिकामा ग्लास घेऊनच ती परत आली, खुर्चीवर बसली आणि तिनं खूण केली : फळबाग नाही, पडीक. मी केली. संस्कृतीनं केली. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली, त्यातली दहा तिची.

"एवढा वेळ का गं?" मी विचारलं.

"काय नाय, ताई. डोळे दुखायलेत."

जुलैत देवगावच्या चावडीवर यादी लागली. खोट्या बागा दाखवून अनुदान उचलणाऱ्यांची एकवीस नावं. नववं मुंजाबांचं. अनुदान परत करायचं होतं, ते त्यांनी मेंढ्या विकून केलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण नाव चावडीवर होतं. ज्या माणसाला कालपर्यंत लोक कुणाच्याही रानात विश्वासानं मेंढरं बसवू द्यायचे, त्याला हॉटेलात चहा पिताना कुणीतरी विचारलं, "मुंजाबा, मोसंबी कागदाची हाय का पिलास्टिकची?" ते कन्नडला तालुक्याच्या ऑफिसात तीनदा गेले. म्हणाले, कुणीतरी येऊन बघा, मी दुसरं काय मागत नाय. त्यांना उत्तर मिळालं की तिघांनी वेगवेगळं तपासलंय आणि तिघांचं एकमत आहे, आता माणूस पाठवता येत नाही.

सत्यशीला रोज वेळेवर येत होती. डबा खात होती, खुणा करत होती. फक्त शेत वाचून दाखवायचं तिनं बंद केलं. विचारलं तर उत्तर द्यायची, नाही विचारलं तर नाही. मला वाटलं घरी काही लग्नाबिग्नाचं चालू असेल.

ऑगस्टमध्ये एका दुपारी डबा खाताना तिनं आपण होऊन सगळं सांगितलं. पत्ता सांगावा तशा आवाजात. चौकोन तिच्या घरचा होता. गोल डागांवरून तिनं ओळखला. मोसंबीत मेंढरांचा वाडा बसवणारा त्या गावात एकच माणूस.

"मग साहेबांना सांगायचं ना, हे माझं शेत आहे म्हणून."

"त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्यातली एक पोरगी काढली की मामाच्या रानापायी. मामाला हिरवं दाखवलं म्हणून. मी सांगितलं असतं तर म्हणले असते, ही पण तसलीच, आपल्या माणसांचं बघायला बसलीय." तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "अन् खरं सांगू का ताई, झाडं दिसतच नव्हती. माहीत व्हतं, पण दिसत नव्हती. मी म्हटलं, मी घरची, माझ्या डोळ्यांचा काय भरवसा. दिसतं ते लिहावं. तुम्ही दोघी हायत. तुम्हाला दिसली तर तुम्ही लिहाल. एक जरी येगळी निघाली तर माणूस जातोच बघायला."

मी घास तोंडात घातला.

"पण तुम्हा दोघींना पण नाय दिसली. म्हंजे वरून दिसतच नसंल. तिघींना नाय दिसली तर चूक कुणाची नाय. म्हणून मला तसं काय वाटत नाय आता."

माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला आणि मूग गिळून बसले. एक दिवस नाही, अडीच महिने. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण तेवढंच असतं तर मी स्वतःला माफही केलं असतं. मला तिच्यासमोर लहान व्हायचं नव्हतं. ती मला ताई म्हणायची ना.

पोळ्याला ती घरी जाऊन आली. तेव्हा पाऊस चांगला झाला होता आणि खुंटांना कोवळी फूट आली होती, कमरेइतकी. रात्री जेवताना मुंजाबांनी तिला विचारलं होतं, "तुला वरून आपलं रान दिसतं का गं?"

"दिसतं, आबा."

"मग झाडं?"

ती ताटातल्या पोळीला तूप लावत राहिली. मुंजाबांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. हे तिनं मला परत आल्यावर सांगितलं, त्याच आवाजात. मी "हं" म्हणाले. मला माझ्या त्या "हं"चा आजही राग येतो.

दिवाळीनंतर संस्कृती लग्न होऊन गेली आणि तिच्या जागी सत्यभामा नावाची नवी मुलगी आली. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती मान वाकवून माझ्या स्क्रीनकडे बघतेय. मग मात्र मला बसवेना. मी साहेबांना लिहून दिलं की दोन वर्षांतल्या माझ्या खुणा माझ्या नाहीत, आणि संस्कृतीच्याही तिच्या नव्हत्या. सार्थक साहेबांचा चेहरा उतरला. पण त्यांनी करायचं ते केलं. यादीतल्या सगळ्या चौकोनांवर माणूस पाठवायचं ठरवलं. मला काढलं नाही, कारण काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं.

मग मी सत्यशीलाकडे गेले. "मी चित्र बघितलंच नव्हतं," मी म्हणाले. "तुझी स्क्रीन बघितली. संस्कृतीनं माझी."

तिला कळायला वेळ लागला.

"म्हंजे तिघी नव्हत्या."

"नव्हत्या."

"मी एकटीच व्हते."

ती परत स्क्रीनकडे वळली आणि पुढच्या चौकोनावर खूण केली. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

देवगावची पाहणी मंगळवारी ठरली. तिनं माझ्यासमोरच घरी फोन लावला. "आबा, मंगळवारी माणूस येणार हाय. आम्ही लिहिलेलं तपासायला." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ती म्हणाली, "व्हय, मी लिहिलेलं पण." अर्ध्या मिनिटात फोन ठेवला. आनंदाची बातमी होती, पण तिच्या आवाजात आता आनंद आणि दुःख सारखंच निघत होतं. मी शेजारी उभी होते. फोन हातात घेऊन मला नीट सांगता आलं असतं. मला वाटलं, एवढं पुरे.

मंगळवारी पाहणी करणारे बद्रीनाथ, सत्यशीला आणि मी, असे जीपनं निघालो. तिथं जाण्याचा मला काही अधिकार नव्हता, पण साहेब म्हणाले, जा. दहाच्या सुमारास पोचलो. सत्यशीलाची आई सारजाबाई वाटेतच उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून. वाटेवर जेसीबीच्या चाकांचे ताजे ठसे होते.

अडीचशे झाडं ओळीनं आडवी पडली होती. मुळं वर, मातीसकट. नव्या फांद्यांवरची पानं अजून सुकलीही नव्हती. मेंढरं त्यांच्यात शिरून ती पानं खात होती आणि सगळीकडे मोसंबीचा वास सुटला होता. इतक्या जवळून बाग मी पहिल्यांदाच बघत होते.

मुंजाबा बांधावर बसले होते. आम्हाला बघून उठले, फेटा नीट केला.

"काका, ही झाडं..." बद्रीनाथ म्हणाले.

"आज काय दिसतं ते लिवा, साहेब. उभं झाड हाय का एक तरी? बघून घ्या. पोरीनं लिवलंय बाग नाय. तर नाय बाग. तिनं बरोबर लिवलंय. तिच्याकडं बोट दावू नका."

शेवटी मीच पुढे झाले. काय बोलले ते नीट आठवत नाही. चूक माझी होती, तुमच्या मुलीची नाही, आणि हे साहेब बाग आहे असं लिहायलाच आले होते, एवढं सांगितलं. मुंजाबांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"व्हय गं?"

"व्हय, आबा."

"कालच बोलवला त्या जेसीबीवाल्याला," ते म्हणाले. "सांजपर्यंत काम उरकलं." मग खाली बसले आणि जवळच्या एका झाडाच्या मुळांवरची माती हातानं झाडत राहिले.

बद्रीनाथांच्या मोबाइलवर फॉर्म होता. स्थळी फळबाग : आहे, नाही. तिसरा पर्याय नव्हता. ते दोन एकरभर हिंडून आले, उभं झाड सापडतं का बघत. मग फोटो काढले आणि 'नाही' दाबलं. परतताना जीपमध्ये सत्यशीला खिडकीतून बाहेरची रानं बघत होती. मी विचारलं, "ते काय लावलंय गं?" ती म्हणाली, "माहीत नाय."

त्या यादीतल्या चौदा जणांच्या बागा पाहणीत जागेवर सापडल्या. खरड छाटणी केलेल्या, फुटलेल्या. त्यांची नावं चावडीवरून उतरली. मुंजाबांचं राहिलं. दिवाळी होऊन महिना झाला तेव्हा ते मुलाला घेऊन मेंढरांमागे वाटेला लागले, वीस वर्षांनी. सारजाबाई घरी एकट्या असतात.

सत्यशीला अजून आमच्याकडेच आहे. मीही आहे. टेबलांची जागा साहेबांनी बदलली, आता कुणाला कुणाची स्क्रीन दिसत नाही. मी शेत वाचायला शिकतेय. थोडं येतं.

या एप्रिलमध्ये तो चौकोन परत आला. मी ओळखला. नियमानं सोडायला हवा होता, सोडला नाही. आडवी झाडं कधीच सरपणाला गेली होती. मेंढरांचे गोल डागही यंदा नव्हते. मी चित्र मोठं करून कोपरा न् कोपरा बघितला. दहा मिनिटं तरी बघितला असेल. मग खूण केली. सत्यशीलानं तिची कधी केली ते मला दिसलं नाही.

थोड्या वेळानं निकाल आला. पडीक. तिघींचं एकमत. खाली लिहिलं होतं, माणूस पाठवण्याची गरज नाही.